नळी लेकीच्या नाकात, मग ठरवणार कोण?

“काही होत नाही, दुखणार नाही” हे वाक्य आमच्या घरात आता बंद आहे. कारण होतं की! लेकीला नाकातून थेट पोटात जाणारी नळी लावलीये, ती घालताना नाकात चरचरतं, डोळ्यातून पाणी येतं, घशाशी आली की उबळ येते, आणि आपण खोटं बोललो तर पुढच्या वेळी पोर आपलं कशाला ऐकेल. आज नळी बदलायची होती, सिस्टरनी सगळं जसंच्या तसं सांगितलं, हनुवटी खाली घे, स्ट्रॉने घोट घोट पाणी गिळ, तू गिळशील तशी नळी पुढे सरकेल. आणि हात वर केलास की मी थांबणार. लेकीने एकदा तर मुद्दामच हात वर केला असं मला वाटतं, खरंच थांबतात का बघायला. थांबल्या हो. मग कुठे तिचे खांदे सैल पडले.

तिला क्रोन्स हा आतड्याचा आजार आहे, त्यात आतड्याला सूज असते, मुलांमध्ये ती उतरवायला बऱ्याचदा स्टिरॉइडऐवजी सहा ते आठ आठवडे फक्त फॉर्म्युला, म्हणजे पूर्ण पोषण देणारं पातळ अन्न देतात, बाकी खाणं पूर्ण बंद. सूज उतरते, पोषणही मिळतं आणि स्टिरॉइडमुळे वाढ खुंटते तसं इथे होत नाही. पण तेवढं सगळं तोंडाने पिणं तिला जमेना, चवच नको वाटते, म्हणून नळी. एका नातेवाईकांनी मध्ये तिला ऐकवलं, “नीट प्यायली असतीस तर नळी लागली नसती.” इतकी चिडले मी! नळी ही शिक्षा नाहीये, उपचार आहे, हे मोठ्यांनाच आधी समजवावं लागतं.

फीड, म्हणजे पंपाने नळीतून सोडलेला फॉर्म्युला, घ्यायचा का हे मी तिला विचारतच नाही, कारण तिथे “नको” हे उत्तर चालणार नसतं, उगाच कशाला विचारायचं. कोणती नाकपुडी, गालावर कोणती टेप, पंपाचं बटण कोणी दाबायचं हे मात्र तिचं तिने ठरवायचं. पीएच पट्टी, म्हणजे आम्लता दाखवणारी रंग बदलणारी पट्टी, तर तिचंच खातं. मी सिरिंजने नळीतून जरासं ओढते, ती पट्टीवर थेंब टाकून रंग जुळवते, 5.5 किंवा कमी, म्हणजे पोटातलं आम्ल, आला की “पोटातच आहे, चालू कर” अशी ऑर्डर सोडते. जास्त आला तर फीड सुरू करायचा नाही, आधी वॉर्डला फोन, हे तिलाही पाठ आहे. फीडच्या आधी आणि नंतर पाणी सोडायचं कामही तिचंच, नाहीतर नळी चोंदते.

आणि तिचं एक कापडी अस्वल आहे, त्यालाही नळी लागलीये. त्याला सांगत होती, “रडलास तरी चालेल पण हलू नकोस, आणि नळी ओढलीस तर परत घालावी लागेल, मग माझ्याकडे यायचं नाही.” मी दाराआड उभी राहून ऐकत होते, हसू पण येत होतं आणि पोटात कसंतरी पण होत होतं.

सगळ्यात अवघड म्हणजे आमच्या जेवणाची वेळ. फॉर्म्युलाने पोट भरलेलं असतं पण दातांना काहीतरी चावायला हवं असतं, हे ती स्वतःच म्हणाली. लपूनछपून जेवणं मला पटत नाही, तिच्यासमोर मिटक्या मारणं पण नाही. कधी ती टेबलाशी बसते, कधी उठून आत जाते, मागे बोलवायचं नाही असं ठरलंय.

शाळेसाठी उत्तर पण तिनेच तयार केलंय, “यातून माझं खाणं जातं, तुम्हाला लागण होत नाही, ओढू नका.” बास. एवढं ऐकलं की पोरं खेळायला लागतात, मोठी माणसंच बघत राहतात.

रात्री मात्र वैताग. बेडची डोक्याकडची बाजू वर केलेली, ती झोपेत घसरत खाली येते, नळी अंगाखाली दुमडते की पंप बोंबलायला लागतो. उद्या डॉक्टरांना विचारायची यादी तिने वहीत लिहिलीये. नंतर खाणं एकदम सुरू न करता हळूहळू का, पोहायला कधी जायचं, आणि पंपाचा आवाज कमी होतो का. शेवटच्या प्रश्नाखाली मी पण सही केलीये.