चांगलं बोलणाऱ्याची साक्ष

टिमथी इव्हान्सला ९ मार्च १९५० रोजी लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगात फाशी दिली. वय पंचवीस. पोटच्या लहानग्या लेकीचा गळा आवळल्याचा गुन्हा त्याच्यावर शाबित झाला होता. बायकोही मेली होती, पण खटला चालला तो लेकीच्या खुनाचा. सरकार पक्षाचा मुख्य साक्षीदार होता त्याच घरात तळमजल्यावर राहणारा जॉन क्रिस्टी. खुनी तोच होता.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात वकिली करते. विधी सेवा समितीच्या पॅनलवर आहे, त्यामुळे ज्यांना वकील लावायला पैसे नाहीत त्यांची प्रकरणं माझ्याकडे येतात. कोलाम, गोंड, बंजारा, सालगडी, कापूस वेचणाऱ्या बाया. हा खटला वाचताना मला लंडन दिसलंच नाही, माझे अशील दिसले.

इव्हान्स मूळचा वेल्सचा. लहानपणी पायाला जखम झाली, ती चिघळत राहिली, शाळा बुडाली ती बुडालीच. लिहिता-वाचता जवळजवळ येत नव्हतं. मालाची गाडी चालवायचा. बायकोशी कडाकड भांडायचा, थापा मारायचा. हे मी लपवत नाही. माझे सगळे अशीलही काही देवमाणसं नसतात, आणि निर्दोष असायला देवमाणूस असावं लागत नाही.

क्रिस्टी पन्नाशीचा, चष्मेवाला, बारीक आवाजात बोलणारा. पहिल्या महायुद्धात लढलेला, दुसऱ्या महायुद्धात राखीव पोलिसात शिपाई. आधी चोरीच्या आणि मारहाणीच्या शिक्षा भोगलेल्या, पण भरती करताना कोणी तपासलंच नाही. आपल्याला डॉक्टरी कळते असंही तो भासवायचा.

१९४९ मध्ये इव्हान्सच्या बायकोला पुन्हा दिवस गेले. हातात पैसा नाही, आणि गर्भपात तेव्हा ब्रिटनमध्ये गुन्हा. क्रिस्टी म्हणाला, मी करून देतो. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी इव्हान्स कामावरून परतला तर बायको मेलेली. इव्हान्सनं पुढे सांगितलं त्याप्रमाणे क्रिस्टीनं त्याला समजावलं, की बाहेर कळलं तर आपण दोघंही आत जाऊ. प्रेताचं मी पाहतो, पोरीला सांभाळणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत, तू सामान विकून निघून जा. तो गेला.

इथे मी दरवेळी थांबते. क्रिस्टीनं त्याला चाकू दाखवला नाही. कायद्याची भीती घातली आणि कायदा कळणारा माणूस म्हणून स्वतःच पुढे उभा राहिला. असा माणूस आमच्याकडे गावोगावी असतो. तहसीलची कामं करून देतो, अर्ज भरून देतो, ठाण्यात ओळख असते. "तू काही बोलू नको, मी पाहतो," म्हणतो. बहुतेक वेळा तो खरंच मदत करतो, म्हणून तर त्याच्यावर विश्वास बसतो.

इव्हान्सला वेल्समध्ये राहवेना. ३० नोव्हेंबरला तो स्वतःहून पोलिसात गेला आणि क्रिस्टीला वाचवायला खोटं बोलला: बायको औषध घेऊन मेली, मी तिला गटारात टाकलं. त्या गटाराचं झाकण उचलायला तीन पोलीस लागले, आत काही नव्हतं. मग त्यानं क्रिस्टीचं नाव घेतलं, पण तोवर तो खोटारडा ठरला होता. २ डिसेंबरला घरामागच्या धुण्याच्या खोलीत दोन्ही प्रेतं सापडली. मायलेकीचे कपडे त्याच्यापुढे ठेवले आणि त्यानं कबुली दिली. मार बसेल असं वाटलं, जगण्यात काही उरलं नव्हतं, असं त्यानं कोर्टात सांगितलं. झडती झाली तेव्हा परसात एका बाईच्या मांडीचं हाड कुंपणाला टेकू म्हणून लावलेलं होतं. ते कोणाला दिसलं नाही.

खटला तीन दिवस चालला, ज्यूरीनं चाळीस मिनिटं घेतली. क्रिस्टी तुझ्या बायकोला कशाला मारेल, असं विचारल्यावर इव्हान्सला एवढंच सुचलं, की तो दिवसभर घरीच असायचा.

१९६८ मध्ये यान स्वार्टविक या स्वीडिश भाषातज्ज्ञानं इव्हान्सचे जबाब वाक्यावाक्यानं तपासले. वादातल्या भागांची भाषा उरलेल्या भागांशी जुळत नाही, असं त्याला आढळलं. न्यायवैद्यक भाषाशास्त्राची, म्हणजे कोर्टाच्या कामासाठी भाषा तपासण्याच्या शास्त्राची, सुरुवात तिथून मानतात. हे वाचून मी उठून बसले. कारण माझ्या एका प्रकरणात म्हातारा कोलाम साक्षीदार आहे, त्याच्या पोलीस जबाबात लिहिलंय, "सायंकाळी १८.३० वाजेच्या सुमारास मी सदर ठिकाणी हजर होतो." खाली नेहमीचंच, जबाब वाचून दाखविला, माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे. तो पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला, "गुरं घरी आली तवा मी ढोराच्या मागंच होतो." किती वाजता? "मले घड्याळ नाही समजत, साहेब." सरकारी वकिलांनी त्याला फितूर ठरवायची परवानगी मागितली. गुरं पावसाळ्यात वेगळ्या वेळी घरी येतात, हिवाळ्यात वेगळ्या, हे त्या कोर्टात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. रेकॉर्डवर मात्र विसंगती लागली. प्रकरण चालू आहे, म्हणून गाव लिहीत नाही.

पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हा नियम इंग्रजांनीच आपल्याकडे केला, १८७२ च्या साक्ष कायद्यात तो होता. आजही नव्या साक्ष कायद्याच्या कलम २३ मध्ये तो आहे. स्वतःच्या देशात त्यांनी तो ठेवला नाही, आणि इव्हान्स पोलिसांपुढच्या कबुलीवर गेला. म्हणून आपण वाचलो असं समजू नका. जालना जिल्ह्यातल्या २००३ च्या प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशी सुनावली गेली आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सहाही जणांना फाशीचीच शिक्षा दिली. त्याच न्यायालयानं २०१९ मध्ये सगळ्यांना निर्दोष सोडलं. प्रत्यक्षदर्शी बाईनं सुरुवातीलाच पोलिसांच्या फोटोंमधून वेगळे चार जण ओळखले होते, त्यांचा तपासच झाला नव्हता. सोळा वर्षं गेली. भरपाई प्रत्येकी पाच लाख.

क्रिस्टी १९५३ मध्ये घर सोडून गेला. मार्चमध्ये वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूनं स्वयंपाकघरात रेडिओसाठी खुंटी ठोकायला जागा पाहिली, वॉलपेपर फाडला, तर मागच्या पोकळीत तीन बायकांची प्रेतं. जमिनीखाली क्रिस्टीची स्वतःची बायको, परसात आणखी दोघींचे सांगाडे. इव्हान्सच्या बायकोलाही आपणच मारल्याचं त्यानं कबूल केलं. त्याला जुलैत फाशी झाली, इव्हान्सला दिली त्याच तुरुंगात, त्याच जल्लादाच्या हातून. तरी त्या महिन्यातल्या सरकारी चौकशीनं इव्हान्सच दोषी असल्याचं म्हटलं. एका घरात, एकमेकांच्या करणीची खबर नसलेले, दोन गळा आवळणारे! शिकलेली माणसं आपली चूक झाकायला काय काय मान्य करू शकतात.

१९६६ मध्ये राणीची माफी मिळाली. केली नाही त्या गुन्ह्याची माफी. २००४ मध्ये त्याच्या घरच्यांनी शिक्षाच रद्द व्हावी म्हणून लंडनच्या उच्च न्यायालयात दाद मागितली. त्यानं बायकोला मारलं नाही, पोरीलाही नाही, हे न्यायाधीशांनी मान्य केलं. पण पुन्हा अपील चालवण्याचा खर्च सार्थ ठरणार नाही म्हणून अर्ज फेटाळला.