बेदाणा शेडवरचे सोळा दिवस आणि ते 'तुरळक ठिकाणी'

गेल्या वर्षी म्हणजे २०२५ ला आमचा एक प्लॉट व्यापाऱ्यानं ऐन तोडणीच्या तोंडावर सोडला, मण्याला साईज नाही म्हणून, मग त्या मालाचा बेदाणा करण्याशिवाय दुसरं काही हातात उरलं नाही. आमचं गाव तासगाव तालुक्यात, पण जवळची शेडं सगळी फुल्ल, त्यामुळं शेड मिळालं ते पार नागजच्या बाजूला. तसं ते बरंच झालं म्हणा, तिकडं हवा कोरडी आणि वारं मोकळं, म्हणून तर नागज-जुनोनी भागात एवढी शेडं उभी राहिलीत. नवरा कुपवाड एमआयडीसीत शिफ्टला, सासऱ्यांचे म्हणजे आप्पांचे गुडघे गेलेले, तेव्हा शेडवर मी राहायचं ठरलं. बेदाणा आमच्यात दरवर्षी होत नाही आणि मी तर पहिल्यांदाच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. द्राक्षं कॅरेटमधून आणायची, शंभर लिटर पाण्याला अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल अशा द्रावणात बुडवून काढायची, मग शेडमधल्या जाळ्यांवर एकावर एक मजल्यांत पसरायची. ऊन डायरेक्ट लागू द्यायचं नाही नाहीतर हिरवा रंग जातो, पण वारा खेळता पाहिजे. बारा ते पंधरा दिवसांत वाळतो, चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा धरायचा. आमची साडेपाच टन द्राक्षं होती. आणि या पंधरा दिवसांत पाणी लागलं की माल काळा पडतो, चिकट होतो, बुरशी धरतो, दर निम्म्यावर. म्हणजे वर्षभराची मेहनत शेवटचे पंधरा दिवस उघड्यावर ठेवायची, ती पण कधी तर एप्रिलमध्ये, वळवाच्या तोंडाला!

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माल टाकला. मी रोज सकाळी मोबाईलमधलं ते फोनसोबत आलेलं वेदर ॲप बघायची, ढगाचं चित्र आणि खाली २० टक्के. वीस टक्के म्हणजे पाऊस नाही असाच मी अर्थ घेतला, कोण पण घेईल. चौथ्या दिवशी दुपारी वारं एकदम पडलं, अंगातून धारा, आप्पांचा फोन आला, "अगं आज लय उकडतंय, पडदं सोड." मी म्हटलं ॲपवर काय नाही ओ आप्पा. साडेचारला जतच्या बाजूनं धुळीचा लोट आला आणि त्याच्या मागनं पाऊस, वीस मिनिटंच पडला पण आडवा. आम्ही चौघी ताडपत्र्या ओढतोय तोवर दोन रॅकची बाहेरची बाजू भिजली. त्या रात्री मला झोप नाही. दुसऱ्या दिवशी गंधकाची धुरी दिली, पण भिजलेल्यातला निम्मा माल काळाच गेला.

आता इथं गोष्ट अशी पाहिजे होती की आप्पांचं ऐकलं असतं तर वाचलो असतो, जुन्या माणसांना बरोबर कळतं वगैरे. तर तसं पण नाही. त्यानंतर मी इतकी घाबरले की आप्पांचा फोन आला की पडदे खाली. सलग तीन दिवस दुपारपासून शेड बंद. गावाकडच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरत होता की पाच दिवस जिल्ह्यात गारपीट, त्यानं पण आणखी धास्ती. तीन दिवसांत एक थेंब नाही. आणि आत काय झालं तर वारा बंद, ओल कोंडली, मालाला आंबूस वास यायला लागला. शेडमालक आले, जाळीवर हात फिरवला आणि म्हणाले, "वहिनी, पावसानं जेवढा जाणार नाही तेवढा माल तुम्ही झाकून घालवाल."

तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा नीट शिरलं की इथं चूक दोन्हीकडून पडते. नाही झाकलं आणि आला तरी नुकसान, झाकलं आणि नाही आला तरी नुकसान. मग अंदाज 'खरा का खोटा' असं विचारून काहीच उपयोग नाही.

आमच्या गावातली एक कृषी सहायक मुलगी आहे, तिला फोन केला. तिनं पहिलं विचारलं की वहिनी तुम्ही बघताय तरी काय. मी म्हटलं २० टक्के. ती म्हणाली ते सोडा, हवामान खात्याचं जिल्ह्याचं वाचा, आणि त्यात 'तुरळक ठिकाणी' असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ आधी समजून घ्या. तर तुरळक म्हणजे थोडासा पाऊस असं नाहीय! मी इतकी वर्षं बातम्यांत ऐकते आणि तेच समजत होते. तुरळक म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजायच्या केंद्रांपैकी पंचवीस टक्के किंवा त्यापेक्षा कमी ठिकाणी पडेल. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ५१ ते ७५. म्हणजे हा शब्द किती जागी पडेल ते सांगतो, किती जोरात पडेल ते नाही. ज्याच्या शेडवर पडला त्याच्यासाठी तो तुरळक कसला, तो मुसळधारच.

आणि आदल्या दिवशी नागजला पडेल का जतला हे का सांगता येत नाही ते पण तिनं सांगितलं. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्याकडनं खाली कर्नाटकापर्यंत वाऱ्याची एक पट्टी असते, बातम्यांत ज्याला द्रोणीय स्थिती म्हणतात ती, तिथं समुद्राकडची दमट हवा ओढली जाते, दिवसभर जमीन तापते आणि दुपारनंतर ढग सरळ वर चढतात. एक ढग तयार होऊन पडून रिकामा व्हायला तासभर पण लागत नाही, आणि त्याचा घेर म्हणजे पाच-दहा किलोमीटर. आता चुलीवर दूध ठेवलं की ते उतू जाणार हे कळतं, पण भांड्याच्या कुठल्या कडेनं जाणार ते आधी कोण सांगणार? तसंच आहे ते. त्या वेळी अंदाज काढायचं खात्याचं जे मोठं कॉम्प्युटर मॉडेल होतं ते बारा किलोमीटरच्या चौकोनात हिशोब करायचं, मे अखेरीला पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलेलं सहा किलोमीटरचं भारत फोरकास्ट सिस्टीम सुरू झालं, पण वळवाचा एकटा ढग त्यातून पण निसटू शकतो.

मग करायचं काय? तर तिनं सांगितलं नाऊकास्ट बघा. हा अंदाज फक्त पुढच्या तीन तासांचा असतो, रडार आणि उपग्रहावर ढग दिसायला लागल्यावर जिल्ह्यानुसार टाकतात, 'पुढील तीन तासांत सांगली जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस, ताशी ३० ते ४० किमी वेगाने वारे' असा. मी विचार केला, मला पडदे सोडायला वेळ किती लागतो? घड्याळ लावून बघितलं, चौघी असल्या तर पस्तीस-चाळीस मिनिटं. मग मला उद्याचं कळून काय करायचंय, मला दोन तास आधी कळलं तरी बास की! उद्याच्या यलो अलर्टवर मी पडदे सोडायला लागले तर एप्रिलमध्ये रोजच सोडावे लागतील. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता हला. मी यलोला घाबरत होते, आणि लक्ष ठेवा म्हटल्यावर नेमकं लक्षच ठेवत नव्हते.

आणि दुसरं म्हणजे दामिनी ॲप. ते पण आयआयटीएमचंच, विजेचं. लोकांना वाटतं वीज पडू नये म्हणून ते बघायचं, ते तर आहेच, पण मला त्याचा वेगळाच उपयोग सापडला. आपल्या जागेभोवती २० आणि ४० किलोमीटरची वर्तुळं दिसतात आणि गेल्या काही मिनिटांत कुठं कुठं वीज पडली त्याचे ठिपके. दर दहा मिनिटांनी बघितलं की ठिपके कुठल्या बाजूला सरकतायत ते कळतं. रडार पण बघायला शिकले, गोव्याचं, पण ते आमच्यापासून लांब, त्याची किरणं इथवर येईपर्यंत पार उंचावर गेलेली असतात, खालचं काही दिसत नाही, वळवाचा ढग दहा-बारा किलोमीटर उंच जातो म्हणून तेवढा सापडतो. शिवाय नागजला रेंज अशी की रडारचं चित्र उघडेपर्यंत पाऊस येऊन जाईल. दामिनी त्या मानानं पटकन उघडायचं. मेघदूत या शेतीच्या सरकारी हवामान ॲपवर मंगळवारी-शुक्रवारी कृषी सल्ला येतो, तो फवारणीला बरा, शेडला नाही.

नवव्या दिवशी परीक्षा झाली. सकाळी यलो. मी पडदे वरच ठेवले, बाया पण माझ्याकडं बघायला लागल्या, आप्पांचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "आप्पा तुमचं बरोबर आहे, उकडतंय, पण अजून ठिपकं नाहीत." ते म्हणाले, "कसलं ठिपकं?" तीन वाजून दहा मिनिटांनी नाऊकास्टचा मेसेज आला. दामिनी उघडलं तर विजापूरच्या बाजूला ठिपक्यांचा पुंजका, चाळीसच्या वर्तुळाच्या बाहेर. दहा मिनिटांनी कडेला टेकला. मी सांगितलं, सोडा. हात कापत होते खरं सांगते, कारण आभाळ अजून निळं होतं आणि बाया हसत होत्या. चारला सगळं बांधून झालं, सव्वाचारला वावटळ अशी आली की कोपऱ्यातली शेडनेट टराटरा फाटली, दहा मिनिटं टपोरे थेंब, पत्र्यावर नुसता आवाज. पाच-सहा किलोमीटरवर गारा पडल्या, तिथल्या लोकांचे आंबे गेले. आमच्या मालाला पाणी लागलं नाही. सहाला ठिपके पश्चिमेला निघून गेले तसे पडदे परत वर, रात्रभर वारा मिळाला. ही पडदे वर करायची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची होती माझ्या मते, आधी मी एकदा सोडले की सकाळपर्यंत तसेच ठेवायची.

उन्हाचं पण एक सांगायचं राहिलं. त्या दिवसांत पारा चाळीसला टेकत होता आणि एक मावशी पसरणी करताना चक्कर येऊन बसल्या. मी म्हटलं उष्णतेच्या लाटेचा इशारा कसा काय नाही? तर मैदानी भागात लाट धरायला नुसते ४० पुरत नाहीत, ते त्या तारखेच्या सरासरीपेक्षा साडेचार डिग्रीनं जास्त पण पाहिजे, नाहीतर सरळ ४५. आमच्याकडं एप्रिलची सरासरीच ३८ च्या आसपास, म्हणजे ४२-४३ होईपर्यंत लाट नाही. पण पत्र्याखाली वाकून काम करणाऱ्या बाईला सरासरीशी काय करायचंय. इशाऱ्याची वाट न बघता आम्ही सकाळी सहा ते अकरा आणि परत चारनंतर अशी वेळ केली.

सोळाव्या दिवशी झाडणी केली. चौदाशे किलोच्या आतबाहेर बेदाणा झाला, त्यात पावणेदोनशे किलो काळा. पहिल्यांदा करणारीला वाईट नाही असं शेडमालक म्हणाले, हे त्यांच्या तोंडून म्हणजे खूप झालं.

मधेच १५ एप्रिलला मान्सूनचा अंदाज आला होता, १०५ टक्के. शेडवर सगळे खूश, आप्पांनी तर फोनवर दोनदा सांगितलं. हे टक्के ८७ सेंटिमीटरचे, म्हणजे जून ते सप्टेंबर अख्ख्या देशाच्या सरासरीचे, त्यात पाच टक्के इकडं तिकडं. आम्ही त्याच आनंदात खरड छाटणी, म्हणजे माल निघाल्यावर वेल पार मागं छाटायची ती, उरकली. आणि मे महिन्यात काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. १९०१ पासून देशात एवढा ओला मे झाला नव्हता म्हणे, २४ तारखेला मान्सून केरळात, २६ ला मुंबईत. आमच्याकडं एरवी जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो तो. वेलीला छाटणीनंतर जेव्हा लख्ख ऊन पाहिजे, डोळ्यात, म्हणजे काडीवरच्या कोंबात, पुढच्या हंगामाचे घड तयार व्हायचे दिवस, तेव्हाच दोन-तीन आठवडे सूर्य नाही. वेली नुसत्या शेंड्याकडं पळाल्या.

त्या अंदाजाचं मात्र काही चुकलं नाही, सप्टेंबरअखेर १०८ टक्के झाला. मे त्यांच्या हिशोबातच नव्हता, आणि आमचं जे जायचं ते मेमध्येच गेलं होतं. आम्हाला ते कळलं फळासाठी करतात त्या ऑक्टोबर छाटणीनंतर, डोळे फुटले तेव्हा. आप्पा काठी टेकत एकेका ओळीतनं घड मोजत गेले, निम्म्या काड्यांवर गोळीघड, म्हणजे न वाढलेले गोळीएवढे घड, काही जागी तर जिरूनच गेलेले. चौथ्या ओळीला मोजणं सोडून दिलं.

परवा शेडमालकांचा फोन आला होता, "वहिनी, यंदा किती रॅक ठेवू?" मी म्हटलं, ठेवू नका कुणासाठी, आमचा माल एका टेम्पोत बसतोय यंदा. ते म्हणाले, सगळ्यांचं तेच आहे. मग थोडा वेळ दोघं पण काही बोललो नाही, आणि शेवटी त्यांनी विचारलं की ते ठिपक्यांचं ॲप कुठलं होतं, जरा पोराच्या मोबाईलमध्ये टाकून घेतो.