शेवाळाचा धागा: खेप अकरावी

मंडळी, धागा आता कांडीवर भरता येतो! दहाव्या खेपेपर्यंत तो बोटांतच मोडत होता.

गुठळ्यांचं कारण सापडलं, ते पाणी. मी ज्या पावडरीचा धागा करते ते सोडियम अल्जिनेट निघतं तपकिरी समुद्री शेवाळातून (हे शेवाळ वनस्पतींत मोडत नाही, नातं फार दूरचं), आणि कॅल्शियम भेटलं की ते घट्ट होतं. धागा त्यामुळेच बनतो. पण आमच्या इंदिरानगरच्या बोअरचं पाणी जड, म्हणजे त्यात कॅल्शियम आधीच असतं, त्यामुळे पावडर भिजायच्या आधीच गोळे व्हायचे. आता आरओच्या पाण्यात ३ टक्के द्रावण करते आणि रात्रभर झाकून ठेवते, म्हणजे बुडबुडे निघून जातात. एक जरी राहिला तरी धागा नेमका तिथेच तुटतो. सकाळी सिरिंजने ५ टक्के कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात धार सोडायची.

मोकळा वाळवलेला धागा आक्रसून शेवयांसारखा कडकडीत होतो. म्हणून ओला असतानाच पाइपवर ताणून गुंडाळते. मऊपणासाठीचं ग्लिसरीन द्रावणात घालून उपयोग नाही, ते कॅल्शियमच्या पाण्यात उतरून जातं. ते शेवटी, वेगळ्या पाण्यातून द्यायचं.

गेल्या रविवारी येवल्याला नेला. पैठणी विणणारे काका धागा चिमटीत धरून म्हणाले, "ताई, ताण्याला नाही पेलायचा. बाण्याला घालून बघू." रेशमाच्या ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर, माझा धागा आडवा बाणा म्हणून घालून त्यांनी चार बोटं विणून दिलं. शेवाळाचं पहिलं कापड हातात घेताना डोळे भरून आले.

त्यातला निम्मा तुकडा घरी कपड्यांच्या पावडरीत भिजवला आणि बाणा बुळबुळीत होऊन सुटला. पावडरीतला सोडा कॅल्शियमला हुसकावतो. गिरण्यांनी हाच गुण कामाला लावला होता: मोजे सलग विणायचे, दोन मोज्यांमध्ये अल्जिनेटचा दुवा ठेवायचा, मग तो विरघळवून मोजे सुटे करायचे. आपल्याला मात्र धुण्यात टिकणारा धागा हवा. बाजारातल्या 'सीसेल' नावाच्या धाग्यात मुख्य भाग लाकडाच्या सेल्युलोजचा आणि शेवाळ थोडंसं. तो धुण्यात टिकतो, पण त्याला शेवाळाचं कापड म्हणणं मला पटत नाही.

मग रेशीम धुतात तसा रिठा आठवला. त्यात सोडा नाही. उरलेला निम्मा तुकडा काल आरओच्या पाण्यातल्या रिठ्यात दहा मिनिटं ठेवला, नंतर कॅल्शियमच्या पाण्यातून काढला. बाणा जागच्या जागी आहे. कडा जरा फुगल्यात, वाळल्यावर बसतात का ते पाहायचंय. तुकडा गॅलरीत सावलीला टांगलाय.