खडकीची लढाई, नोंद सातवी: घोडे चिखलात रुतेनात

संगणकावरच्या एका युद्धखेळासाठी श्रावणात हाती घेतलेला खडकीचा सिनॅरिओ, म्हणजे त्या लढाईची मांडणी, बरेच दिवस चौथ्या टर्नपाशीच, म्हणजे खेळाच्या चौथ्या फेरीपाशीच, अडून होता. नकाशा पूर्ण झाला: संगमापासून दापोडीकडे मुळा, मधे गणेशखिंड, खाली दक्षिणेला पर्वती. दोन्हीकडची पथकंही लावून झाली. पण गेम अर्ली अ‍ॅक्सेसमधला, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच खेळायला दिलेला, आणि त्यातला एक बग नेमका या लढाईच्या मर्मावर येऊन बसला.

५ नोव्हेंबर १८१७ ची दुपार आठवा. कंपनीची एक पलटण पाठलागाच्या भरात आपली रांग सोडून पुढे आली. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांनी ती फट हेरली आणि घोडदळ सोडलं. वेळ अचूक साधली होती. मधे मात्र दलदल होती आणि तिचा अंदाज कुणाला आला नव्हता. पुढचे घोडे रुतले, मागचे त्यांच्यावर आदळले, आणि गोळीबारात तो हल्ला मोडला. कंपनीकडे साधारण २,८०० माणसं, पेशव्यांकडे त्याच्या कितीतरी पट. नुसती संख्या मांडून या लढाईचा निकाल समजत नाही, चिखल मांडावाच लागतो.

आणि गेममध्ये गोखल्यांचे घोडे त्या चिखलातून माळावरून जावं तसे निघून जातात. पाच वेळा खेळलो, पाचही वेळा कंपनीची पलटण कापली गेली आणि तिसऱ्या प्रहरीच लढाई संपली.

शनिवारी माझ्याशी खेळायला येणारा कोथरूडचा मित्र म्हणाला, "अरे, दलदल काढ आणि तिथे ओढा टाक. घोडे थांबल्याशी कारण." टाकून पाहिला. घोडे थांबले, पण ओढा एआयला, म्हणजे गोखल्यांकडून खेळणाऱ्या संगणकाला, आधीपासून दिसतो, त्यामुळे ते त्या बाजूला फिरकतच नाही. हल्लाच होत नाही. न दिसलेली जमीन हाच तर या लढाईचा गाभा. घोडदळाची ताकद कमी करायचाही मोह झाला होता. नाही केली. उद्या पॅच, म्हणजे बनवणाऱ्यांकडून दुरुस्ती, आला की असली ठिगळं कुठे कुठे लावली होती ते शोधत बसावं लागतं, आणि तोवर सिनॅरिओ खोटा झालेला असतो.

मग मोठा नकाशा बाजूला ठेवला आणि पाच बाय पाच हेक्सचा, म्हणजे षटकोनी घरांचा, रिकामा नकाशा केला. एक घोडदळ, एक दलदलीचा हेक्स, बाकी काही नाही. साधी चाल दिली तर दलदलीला चालीचे चार पॉइंट जातात, बरोबर. 'चार्ज', म्हणजे दौडत हल्ल्याचा हुकूम, दिला की एकच जातो. पुन्हा पुन्हा करून पाहिलं, दर वेळी तेच. म्हणजे दलदल ठीक आहे, चार्जचा हिशोब जमीन बघतच नाही. हे कळायला तीन संध्याकाळी गेल्या आणि त्या तिन्ही मला सत्कारणी लागल्यासारख्या वाटतात. 'घोडदळ नीट चालत नाही' एवढंच कळवलं असतं तर बनवणाऱ्यांनी कुठून सुरुवात करायची? छोटा नकाशा, लॉग फाइल आणि चार ओळी पाठवल्या. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, त्यांच्याकडेही तसंच होतंय म्हणून.

पॅच यायला सोळा दिवस लागले. मधल्या एका रविवारी पर्वती चढलो. दुसऱ्या बाजीरावाने ही लढाई तिथून पाहिली. आज खडकीच्या दिशेला इमारतीच इमारती आहेत, तरी खिंडीकडचा चढ ओळखू येतो. घरी येऊन नकाशातल्या दोन हेक्सची उंची बदलली.

परवा पॅच बसवला. जुनी सेव्ह फाइल उघडली नाही. अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये हे गृहीत धरायचं, म्हणून मी सिनॅरिओची प्रत प्रत्येक आवृत्तीच्या आकड्यासह वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो. तुम्हीही ठेवा. पहिल्या टर्नपासून खेळलो. चौथ्या टर्नला घोडदळ सुटलं आणि दलदलीत थांबलं. मी कितीतरी वेळ माउसला हातच लावला नाही.

सहाव्या टर्नला दापोडीहून कंपनीच्या मदतीला कॅप्टन फोर्डची पलटण यायला हवी होती. ती नकाशावर आलीच नाही. तिच्या प्रवेशाच्या हेक्सवर दुसरं पथक उभं होतं, बहुतेक त्यामुळेच. पाच बाय पाचचा नकाशा पुन्हा उघडलाय.