लेक्स्याची वाडी

इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमहून गाडी काढली की तासाभराच्या आत लॅक्स्टन येतं. विटांची घरं, एक चर्च, एक पब, की संपलं गाव. मी गेलो होतो तो तिथली शेतं बघायला. बांधापायी आमच्या घरात दोन पिढ्या कोर्टाच्या तारखा झाल्यात, त्यामुळे या गावाबद्दल ऐकल्यापासून राहवत नव्हतं.

आधी नाव. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजाने करून घेतलेल्या जमिनींच्या नोंदीत, हे 'लॅक्सिंटून' म्हणून सापडतं. लेआक्सा नावाचा कुणी जुना माणूस, त्याच्या लोकांचं 'टून'. टून म्हणजे कुंपणातली वस्ती, आपली वाडीच. मी मनात 'लेक्स्याची वाडी' करून टाकलं. पुढे कागदोपत्री त्याचं 'लेक्सिंग्टन'ही झालं होतं.

इंग्लंडभर एकेकाळी गावाची जमीन दोन-तीन मोठ्या शेतांत असे आणि प्रत्येकाच्या वाट्याला त्यात इथे एक, तिथे एक अशा लांबट पट्ट्या. चांगली-वाईट माती सगळ्यांना सारखी. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पार्लमेंटच्या कायद्यांनी बहुतेक गावांत ही जमीन एकत्र करून कुंपणं घातली गेली. लॅक्स्टनमध्ये, सांगतात, दोन बड्या जमीनदारांचं वाटणीवरून जमेचना, म्हणून जुनी पद्धत राहून गेली. भाऊबंदकीने काही टिकल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं!

वेस्ट फील्ड, मिल फील्ड, साउथ फील्ड ही तीन शेतं अजून आहेत. एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातला पेरा, तिसरं पडीक. दरवर्षी पाळी बदलते. १६३५ च्या नकाशात एकेक पट्टी काढलेली आहे.

पट्ट्यांमध्ये बांध नाहीत. नोव्हेंबरच्या अखेरीस गावातल्याच शेतकऱ्यांची ज्यूरी नव्याने पेरलेल्या शेतात फिरते, हद्दीला खुंट्या ठोकते, आणि कुणाचा नांगर रस्त्यात किंवा सामाईक गवतात शिरला असेल तर लिहून घेते. पुढच्या आठवड्यात 'कोर्ट लीट', म्हणजे गावातलं जुन्या धर्तीचं कोर्ट, बसतं, चक्क डव्हकोट इन या पबमध्ये. दंड ठरतो, वर बिअर.

हे सगळं फोनवर काकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"दंड किती?"

"फार नाही, थोडे पौंड."

"मग बांध कोरायला परवडतं की!"