सासरचा हेळवी

रात्री साडेदहाला कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीची शटरं खाली येतात आणि माझं दफ्तर उघडतं. चष्मा पुसायचा, लॅपटॉप उशीवर ठेवायचा आणि नॉरफोकमधल्या एका खेड्यात अडीचशे वर्षांपूर्वी कोण जन्मलं, कुणाचं लग्न लागलं, कोण गेलं ते वाचत बसायचं. आतल्या खोलीतून ही विचारते, "आज कोण गेलं?" मी सांगतो, "सुताराची म्हातारी." "बरं झालं, सुटली," म्हणून ती कूस बदलते.

म्हातारी आमची कुणी नव्हे. लागलीच तर जावयाच्या सातव्या-आठव्या पिढीतली कुणीतरी लागेल. आमची एकुलती एक लेक लग्न करून तिकडं गेली. जावई तिथलेच. नॉरफोक म्हणजे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याचा शेतीवाडीचा, सपाट मुलूख. जावयांना पूर्वज शोधायचा नाद लागला, पण नोकरीतून सवड मिळेना. तेव्हा लेकीनं परस्पर सांगून टाकलं, "बाबांना द्या हे काम. त्यांना कुजकी दफ्तरं वाचायची आवड आहे."

ते खोटं नाही. एकतीस वर्षं मी ग्रामसेवक होतो, म्हणजे गावचा जन्म-मृत्यू निबंधकही. वरून मोडी येते. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्याला एकाएकी भाव आला होता. मीही तेव्हा गाव नमुना चौदा, म्हणजे आपलं कोतवाल बुक, भिंग घेऊन कितीतरी दिवस वाचलं. पण त्यासाठी धूळ खावी लागली, शिंका काढाव्या लागल्या. नॉरफोकची पानं मात्र घरबसल्या, फुकट. फॅमिलीसर्च म्हणून अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाची संस्था आहे. मेलेल्या पूर्वजांनाही मागाहून बाप्तिस्मा देता येतो अशी त्यांची श्रद्धा, आणि त्यासाठी नावं लागणार, म्हणून १९३८ पासून ही मंडळी जगभर दफ्तरांच्या फिल्मा काढत हिंडली. चोवीस लाख रिळं. ती सगळी २०२१ साली संगणकावर चढवून झाली. आपल्याला श्राद्धाला तीन पिढ्यांची नावं घेताना घाम फुटतो.

तर ही पॅरिश रजिस्टरं. पॅरिश म्हणजे एका चर्चची हद्द, आपल्या ग्रामपंचायतीसारखी. १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं हुकूम काढला की, प्रत्येक पॅरिशनं एक वही ठेवावी आणि दर रविवारी त्या आठवड्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं तीत चढवावीत. वही दोन कुलपांच्या पेटीत. एक किल्ली पाद्र्याकडं, दुसरी गावच्या वॉर्डनांकडं. हयगय झाली तर तीन शिलिंग चार पेन्स दंड. आणि लोकांना काय वाटलं असेल? की हा नवा कर बसवायचा डाव आहे! हे वाचलं आणि ती माणसं मला आपली वाटायला लागली. आमच्याकडं घरपट्टीच्या मोजणीला गेलो की माजघराची अडगळ व्हायची आणि नवी खोली म्हणजे "जनावरांचं छप्पर हाय ओ ते, भाऊसाहेब".

त्यांचा संशय अगदीच वाया गेला नाही. अडीचशे वर्षं उशिरा का होईना, कर आला. १ ऑक्टोबर १७८३ पासून प्रत्येक नोंदीला तीन पेन्स, गरिबांना माफी. आमच्या पॅरिशचं सप्टेंबर १७८३ चं पान बघा. चालती-बोलती पोरं रांगेनं बाप्तिस्म्याला आणलेली. एकाच घरची चार, सगळ्यात मोठं सात वर्षांचं. आणि ऑक्टोबरनंतर गाव अचानक गरीब झालेलं, नावापुढं गरिबाचा 'पी'. ११ वर्षांनी, १७९४ ला, कर उठला आणि गावात पुन्हा सुबत्ता आली. त्या पाद्र्याला मी मनातल्या मनात हात जोडले. दारिद्र्यरेषेची यादी केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

असल्या गोष्टींतच माझा वेळ जातो. जावयांना वंशवृक्ष पाहिजे, मला लिहिणारा दिसतो. शाई संपत आली की त्याचं अक्षर बारीक होतं. थंडीत रेघ थरथरते. नवा पाद्री आला की पहिल्या दोन पानांवर वळणदार अक्षर, तिसऱ्या पानापासून येरे माझ्या मागल्या. सतराव्या शतकाच्या आधीची पानं तर इंग्रजी आहेत यावर विश्वास बसत नाही. 'एच'चं शेपूट ओळीखाली लोंबतं, 'ई' उलटी पडलेली, मोठ्या 'एफ'च्या जागी दोन लहान 'एफ'. जावई म्हणाले, हे वाचता येणं शक्यच नाही. मी म्हटलं, मोडीच आहे की. हात न उचलता लिहायचं ठरवलं की सगळ्या लिप्या एकाच वळणावर जातात. आठवडाभर डोळे फोडले आणि लागली हाताला.

एकदा तर मी त्यांच्या घराण्याची अब्रू वाचवली. व्हिडिओ कॉलवर जावई जरा अवघडून म्हणाले, बाबा, एक भानगड दिसतेय. लग्न मे १७२१ मधलं आणि पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७२१ मधला. शेजारी लेक तोंड दाबून हसत होती. मी विचारलं, "वर्ष कधी सुरू होतं तुमचं?" ते म्हणाले, एक जानेवारीला. "आत्ता होतं. तेव्हा कधी व्हायचं?" महसुलाच्या पाठीला घासून नोकरी केलेल्या माणसाला हा प्रश्न आपोआप सुचतो, कारण आमच्या तलाठ्याचं वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपतं. शोधलं तर खरंच. इंग्लंडात १७५१ पर्यंत सरकारी वर्ष २५ मार्चला बदलायचं. मग मे १७२१ आधी आणि फेब्रुवारी १७२१ नंतर. मोजून नऊ महिने. जावयांच्या चेहऱ्यावर जो आनंद फुलला तो लग्नातल्या फोटोतही नाही.

त्यांच्या वडिलांची मात्र निराशा झाली. घराण्यात कुणी सरदार, निदान कुणी जमीनदार निघेल अशी त्यांना आशा होती. १८१३ पासून छापील फॉर्म आले, पानाला आठ नोंदी, त्यात बापाच्या धंद्याचा रकाना. तो रकाना बोलला. मजूर. मजूर. मजूर. मध्ये एक सुतार. मी निरोप धाडला, व्याही, आमच्याकडंही अल्पभूधारकच आहेत, सोयरीक तोलामोलाची झाली.

एक प्रकार तर मी हिला उठवून वाचून दाखवला. सन १६८० नंतरच्या दफनांपुढं 'प्रतिज्ञापत्र मिळाले' असा शेरा. कशाचं? तर प्रेताला लोकरीचंच कफन घातलंय याचं! देशातला लोकरीचा धंदा चालावा म्हणून पार्लमेंटनं कायदाच केला होता. आठ दिवसांत प्रतिज्ञापत्र द्यायचं, नाहीतर पाच पौंड दंड. ही म्हणाली, "म्हंजे मेल्यावरबी तहसीलच्या पायऱ्या हायतच."

नंतरचं एक पान आहे ते मी सहसा उघडत नाही. एका मजुराच्या घरी १७६२ ला जॉनचा बाप्तिस्मा. १७६४ ला पुन्हा जॉन. १७६७ ला पुन्हा जॉन. आई-बाप तेच. मला वाटलं पाद्र्याची चूक, एकच नोंद तीनदा चढलीय. मी तसं जावयांना लिहायलाही घेतलं. ही चहाचा कप घेऊन मागं उभी होती. म्हणाली, "चूक कशाची? पयला गेला आसंल. दुसराबी." दफनांचं पान काढलं. दोन ओळी होत्या. 'जॉन, तान्हा.' 'जॉन, तान्हा.' शाई वेगळी, हात तोच.

तिला ते कळलं, कारण आमच्या भावकीत दोन केरबा आहेत, एक दगडू आणि एक धोंडीराम. पोरं जगत नाहीत म्हटल्यावर आमच्या आज्या केरात घालून पोर उचलून घ्यायच्या आणि मरणाला वाटावं की हा दगडच आहे, हा केरच आहे, असं नाव ठेवायच्या. तिकडच्या माऊलीनं तेच नाव पुन्हा ठेवलं. तिसरा जॉन जगला. जावई त्याच्याच वंशातले.

नोंदीतली चूक म्हणजे काय हे मला दुसऱ्या बाजूनं माहीत आहे. पाद्री रविवारी लिहायचा, तेही बऱ्याचदा चर्चच्या कारकुनानं दिलेल्या चिठोऱ्यांवरून. आमच्याकडं पोलीस पाटील सांगायचा, मी लिहायचो. घरच्या माणसाला विचारलंच जाईल असं नाही. मागच्या वर्षी पन्हाळ्याच्या बाजूचा एकजण माझं घर शोधत आला. हातात जन्माच्या नोंदीची नक्कल, अक्षर माझं. आईचं नाव मी लिहिलेलं एक, आधारवर दुसरंच. "भाऊसाहेब, ही बाई कोण?" मी बघितलं. पावसाळ्यातली नोंद होती, कागद फुगलेला. माझ्या लक्षात आलं, मी बाईचं माहेरचं नाव लिहून बसलो होतो. बाळंतपण माहेरात झालेलं, सांगणाऱ्यानं गावात हाक मारतात ते नाव सांगितलं, सासरी लग्नात बदललेलं नाव त्याला काय ठाऊक! आणि ते पोर आता चाळिशीचं होऊन माझ्या दारात प्रतिज्ञापत्राचा खर्च सांगत उभं होतं. चहा पाजला. दुसरं काय करणार?

तेव्हापासून पानावर एखादं नाव चुकलेलं सापडलं की मी पाद्र्याला शिव्या देत नाही. पाऊस असेल, म्हणतो.

आईच्या नावावरून ही मात्र चिडते. जुन्या पानांवर 'अमक्याची मुलगी' एवढंच, जणू बापानंच पोटात वाढवली. १८१३ च्या फॉर्मात आई-बाप दोघांच्या नावांना जागा मिळाली. मी हे कौतुकानं सांगितलं तर म्हणते, "आणि आपल्यात?" आपल्यात, १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं बंधनकारक झालं. "लवकर केलं," असं ती म्हणाली, ते कुठल्या सुरात ते सांगत नाही.

आमच्या नातीचं बारसं व्हिडिओ कॉलवर झालं. पाळणा तिकडं, घुगऱ्या इकडं. बाप्तिस्मा त्यांनी केला नाही. जावई चर्चला जातात ते फक्त जुनी थडगी बघायला.

यंदा सुगी झाल्यावर मी मुद्दाम गावी जाऊन राहिलो, कारण हेळवी, म्हणजे घराण्यांची वंशावळ वहीत लिहून ठेवणारा आणि दारोदार वाचून दाखवणारा, यायचा होता. लहानपणी तो बैलावर बसून यायचा. पहाटे घंटा वाजली की आम्ही अंथरुणातून ओसरीवर. आता मोटारसायकलवर येतो, वही प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी जर्किनच्या आत. घोंगडं टाकलं, चहा दिला. त्यानं मूळ पुरुषापासून लावलं ते थांबायचं नावच नाही. कोण कुठून आला, कुणाला किती लेक, कोण निपुत्रिक गेला. दोन्ही केरबा आले, दगडू आला. मग मी आलो.

"पुढं?"

"एक लेक. इंग्लंडात असती. तिला पोरगी झालीया, दोन वर्सांची. नाव सांगतो, लिवा."

त्यानं पेन वर केलं. "आबा, लेकीचं पोर ह्या वहीत येत न्हाई. ते सासरच्या हेळव्याकडं लागतंय. त्येंचा हेळवी कुठला?"

"लांबचा हाय."

"येतोय न्हवं वरसाला?"

"न्हाई. त्येच्याकडं आपुनच जायाचं. रातचं."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मग त्येनं घेतली आसंल की नोंद," आणि माझ्या नावाखाली एक आडवी रेघ मारून त्यानं पान उलटलं. मी पायली घेऊन जोंधळं भरायला आत गेलो.