थंडीतला सराव आणि मोती

आज पहाटे अंधारातच निघालो. माझ्या डोक्यावर हेडलॅम्प, माझ्या कुत्र्याच्या, मोतीच्या, गळ्यात चमकणारा पट्टा. मला अल्ट्रामॅरेथॉन धावायची आहे, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरच्या पुढची शर्यत. तिच्या सरावात वेगापेक्षा तासन् तास पायांवर टिकणं महत्त्वाचं, म्हणून चढ आला की आम्ही सरळ चालतो.

मोतीला थंडी मानवते. कुत्र्यांना घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना. अंगातली उष्णता बाहेर टाकायची ती मुख्यतः धापा टाकून. म्हणून उन्हाळ्यात त्याला लांब पळवणं मला अजिबात पटत नाही. आज मात्र गडी कान मागे टाकून असा सुटला होता! दर थांब्यावर त्याला पाणी पाजलं, पंजे तपासले, बोटांमधले खडे काढले. (थंडीत कुत्र्याला पाणी लागत नाही असं कृपया समजू नका.) शेवटचा लांब टप्पा त्याला घरी सोडून एकट्यानेच धावलो. शर्यतीतही तो सोबत नसेल, तेवढं अंतर त्याच्यावर लादायचं नाही.

ही धाव बेवारस जनावरांच्या उपचारांच्या निधीसाठी आहे. मोतीही रस्त्यावरूनच घरी आलेला, त्यामुळे मला ती फार जवळची वाटते. जमेल तेवढी मदत नक्की करा, अगदी थोडीही चालेल.